संध्याकाळची पावडर

३ ऑक्टोबर १९८८
आज हातमोजे मिळाले. पुरुषांच्या मापाचे, बोटं लोंबतात. ह्यांच्या जागेवर नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात लागून दीड वर्ष झालं. विहिरींत ब्लीचिंग पावडर टाकायची, पाणी तपासायचं. भांडारातले म्हणाले, "या कामाला बाईमाणूस पहिलंच, माप कुठून आणू?" आमचे आरोग्याधिकारी डॉक्टरसाहेब मागेच उभे होते. लहान मागवतो म्हणाले.
ह्यांना शेवटपर्यंत मोजे नव्हते. हात कायम फाटलेले.

५ ऑक्टोबर
कामतघरला कावीळ. तीन लूमवाले, यंत्रमागावरचे कामगार, आजारी; तिघेही रत्नाबाईच्या बिशीत, म्हणजे खानावळीत, जेवणारे. रत्ना दिघाशी गावची. अंगणात विहीर, दोन चुली, दोन्ही शिफ्टचे कामगार तिच्याकडे महिन्यावारी जेवतात. तिचं घर त्यावरच चालतं.
साळवी इन्स्पेक्टर म्हणाले, बिशी बंद करावी लागेल.
रत्ना कमरेवर हात ठेवून, "करा ना बंद. मंग ही मानसा गाडीवरचा उघडा खातील. त्यांना काविल व्हनार न्हाय?"
साळवी वही मिटून निघाले. मीही. ती खोटं बोलत नव्हती.

६ ऑक्टोबर
डॉक्टरांनी साळवींना आणि मला बोलावलं. म्हणाले, कुलूप लावणं सोपं. पण मग माणसं उपाशी लूमवर उभी राहतील, नाही तर आजारी पडून गावाला जातील. लूम बंद, बाईचं घर बंद, आणि कावीळ चालूच.
आठ दिवसांची मुदत दिली. मी रोज पावडर टाकायची, रोज तपासायचं. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की पिवळं व्हायला हवं. पांढरं राहिलं तर पाण्यात पावडर नाही. आठही दिवस पिवळं आलं तर बिशी चालू, नाहीतर कुलूप.
"वत्सलाबाई, जे दिसेल तेच सांगा."
दुसरं काय सांगणार?
रत्नाला समजावलं तर हसायला लागली. "काविलीत मानूस पिवला, नि तुमच्या नलीत पानी पिवला व्हाया पायजे! यातला चांगला पिवला कंचा ता तरी सांगा."

८ ऑक्टोबर
विहिरीचं पाणी पिवळं. पिण्याच्या पिंपातलं पांढरं. पुन्हा थेंब टाकले. पांढरंच.
रत्ना चुलीपाशी, मान वर करेना. शेवटी रामअवध बोलला. सेकंड शिफ्टचा, तिच्याकडे सगळ्यात जुना जेवणारा. "मौसी का कसूर नहीं बाई. दवाई की इतनी बास आती है, रोटी गले से नहीं उतरती. हमने ही बोला, कुछ करो."
तिने केलं ते असं. शेजारच्या कारखान्याच्या हौदातलं पाणी आणून वास जाईपर्यंत पिंपात ओतत राहिली. मला म्हणते, "अर्धा तरी तुमचा पानी हाय ना त्यात!"
पोरांनी नीट जेवावं म्हणूनच केलेलं. रागावू तरी कशी.
निघताना हात धरला. "आजचा दिस पिवला झाला बोला. तुमी पन एकल्याच हाव, तुमाला ठावं हाय."
ठाऊक आहे म्हणून तर जड गेलं.
डॉक्टरांना पांढरं सांगितलं. जेवणाचा डबा न उघडता तसाच घरी परत आणला.

१० ऑक्टोबर
डॉक्टर स्वतः आले, साळवीही. रत्ना कुलूप बघायच्या तयारीने दारात. डॉक्टर आत जाऊन रामअवधशेजारी चटईवर बसले, म्हणाले भाकरी वाढा. विहिरीचं पाणी मागितलं. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे मीसुद्धा पिणार नाही."
सगळे लूमवाले हसले. रत्नाही, पदर तोंडावर घेऊन.
मला विचारलं, पावडर कधी टाकता? सकाळी आल्या आल्या, म्हटलं.
तेव्हा साळवींना आठवलं. "वत्सलाबाईंचे मालक संध्याकाळी टाकायचे. शेवटची बादली निघाली की मग. रात्रभर पाणी तसंच राहतं. सकाळी वास मरतो, थेंबांना मात्र पावडर सापडते."
मला हे माहीत नव्हतं.
इतकी वर्षं दिवे लागल्यावर घरी यायचे. चहा गार व्हायचा. मी म्हणायची, तुमची विहीर काय पळून जातेय? नुसते हसायचे. बोलणं कमीच. माझी आपली समजूत, की नाक्यावर बसत असतील…

मुदत नव्याने, पहिली तपासणी उद्या. हौदाचं पाणी बंद. माझी ड्युटी बदलली, सकाळी तपासणी, संध्याकाळी पावडर, मधली दुपार सुटी. लायब्ररी तेव्हा उघडी असते, वाचायला जाता येईल.

१३ ऑक्टोबर
पिंपातलं पाणी फिकट पिवळं. आज तिसरा दिवस. रामअवधने तांब्याभर प्यायलं, ओठ पुसले, "अब तो कुछ नहीं लगता."
लहान मोजे आले. बरोबर बसतात.
ऑफिसात ठरतंय, बिशी टिकली तर फिरतीवरच्या सगळ्यांचं दुपारचं जेवण तिथेच. झाडूवाल्या बायकाही त्यात. सगळ्यांनाच बसून गरम खाता येईल. साळवी म्हणाले, "आधी तुम्ही जेवा. आठवडाभर बघतो, मग मी."

१७ ऑक्टोबर
उद्या शेवटची तपासणी. तिघांतले दोघे कामावर आले. तिसऱ्याचे डोळे अजून पिवळे, पण पेज खातो. नवा कोणी नाही, अजून तरी.
संध्याकाळी विहिरीच्या कठड्यावर बसून राहिले, शेवटची बादली निघायची वाट बघत. लूमचा आवाज सगळीकडून. ह्यांनी नेमकं हेच ऐकलं असणार रोज, इथेच बसून. बरं वाटलं.
पावडर टाकली. रत्ना म्हणाली, "उद्या नली पिवली झाली का भाकर खाऊनच जायचा."
"आणि पांढरी राहिली तर?"
"तरी खाऊन जायचा. मंग लावा कुलूप."
घरी आले तेव्हा दिवे लागलेले. दुपारचा चहा पातेल्यात होता. तापवला नाही, गारच प्यायले. वाईट नाही लागत.