तुरागासाठी उपास

लेवुका, मंगळवार

माझ्या लाडक्या तवाले, माझ्या मामेभावा सेतारेकी,

तुला आणि लितियाना वहिनींना मनापासून नमस्कार. ऑकलंडची थंडी तुमच्या हाडांना सोसत असेल आणि नवा नातू तुम्हाला थोडंफार झोपू देत असेल अशी आशा आहे. इकडे आम्ही सारे खुशाल आहोत. (हे वाक्य मी तीनदा खोडून पुन्हा लिहिलं. आज ते खरं आहे. गेल्या शुक्रवारी नव्हतं.) पत्र उद्या तिकडे निघणाऱ्या सालोतेच्या हाती देतो आहे. फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज कापतो आणि तू लगेच विचारतोस, "कोण मेलं रे?" कोणीही मेलेलं नाही. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

निघताना बोटीच्या फळीवरून तू ओरडून सांगितलं होतंस, "वहिनीचं सामान राहिलं तरी चालेल, माझा तुरागा जगला पाहिजे!" (वहिनी शेजारीच उभ्या होत्या, हे तुझ्या लक्षात आलं होतं का?) अकरा वर्षांच्या गोल्डफिशची जबाबदारी मी हलकी मानली नाही. तुझ्या चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे रोज सकाळी एकदा, चिमूटभर. चार दिवस मी ती चिमूट उजेडात धरून तपासून टाकली. चूक झाली ती माझ्या न्याहारीमुळे. घरी मुलांचा गोंधळ असतो, म्हणून मी दालोचा उकडलेला कंद पानात बांधून तुझ्याकडेच आणायला लागलो आणि टँकसमोर बसून खाऊ लागलो. तुझे सातही मासे काचेला तोंडं लावून माझ्याकडे बघत. आता तूच सांग, आपल्याकडे रस्त्याने वैरी चालला असला तरी जेवणारा माणूस "माय काना, ये जेवायला" अशी हाक मारल्याशिवाय घास तोंडात घालतो का? पाचव्या दिवशी माझ्या तोंडून हळूच निघालं, माय काना. आणि एकदा बोलावल्यावर काहीच वाढायचं नाही, हे मला पटेना. म्हणून दुसरी चिमूट. दुपारी मी केळं खाल्लं, तेव्हा तिसरी. (माशांना आपली भाषा कळत नाही, हा विचार मला सुचला होता. पण शिष्टाचार समोरच्याला कळतो म्हणून पाळायचा असतो का? यावर मी डायरीत दोन पानं लिहिली. निष्कर्ष निघाला नाही.)

गेल्या गुरुवारी माझी हाक खिडकीतून शेजारच्या उनाइसीमावशींना ऐकू गेली. त्यांना वाटलं, त्यांनाच बोलावलं. आल्या, बसल्या, माझं दालो संपवलं आणि मग माशांकडे वळून म्हणाल्या, "यांना किती वाढतोस?" मी चिमूट दाखवली. "शी! सेतारेकीच्या घरात एवढंसं वाढतात? उद्या सगळीकडे बोभाटा होईल ना, अपेनिसा कंजूष आहे म्हणून!" मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी अर्धा पाव कुस्करून आत टाकला. शुक्रवारी सकाळी टँकमधलं पाणी नारळाच्या दुधासारखं पांढरं झालं होतं आणि तुरागा पोट फुगून कुशीवर तरंगत होता.

मत्स्यखात्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन केला. तो म्हणाला, रोज थोडं पाणी बदला, तीन दिवस कडक उपास, मग उकडलेला मटाराचा एक दाणा, साल काढून. मी टँकवर चादर टाकली आणि मावशींना अडवायला दारावर सुवाच्य अक्षरांत पाटी लावली: "या घरात तीन दिवस कडक उपास आहे. कृपया खाण्याचे पदार्थ आणू नयेत." कॉलेजात शिकलेल्या माणसाने पाटीवर 'माशांचा' हा एक शब्द घालायला हवा होता. मला लाज वाटली, म्हणून घातला नाही.

तासाभरात चर्चच्या बायकांचं अख्खं मंडळ दारात. मावशी पुढे. "उपास कुणासाठी रे?" मला खोटं बोलता येत नाही. मी म्हणालो, "तुरागासाठी." तवाले, तुरागा म्हणजे घरधनी; गावच्या प्रमुखांनाही आपण मानाने तेच म्हणतो. माशाला असं नाव ठेवणारा साऱ्या ओवालाऊ बेटावर तू एकटा! आणि प्रमुखांच्या कानावर जाऊ नये म्हणून ते नाव आपण दोघांतच ठेवलेलं. बायकांचे हात छातीवर गेले. "काय झालंय त्याला?" म्हटलं, पोट फुगलंय, कुशीवर पडून आहे. "डॉक्टर काय म्हणतात?" म्हटलं, पोट साफ झालं की वाचेल. माझा शब्दन्‌शब्द खरा होता. माझी चूक कुठे झाली, हे मी अजून शोधतो आहे.

त्या दिवसापासून सगळ्या मंडळाने उपास धरला. (मीही धरला. त्यांच्यासमोर खाणार कसा?) रविवारी पाद्रींनी तुझ्या आतड्यांसाठी वीस मिनिटं प्रार्थना केली. खुद्द प्रमुखांनी डोळे पुसले. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, माझी मोठी चूक झाली आहे." मावशींनी माझा कमरेला गुंडाळलेला सुलू धरून मला खाली ओढलं. "बस खाली. भुकेने बरळतोय बिचारा. केवढा जीव याचा तवालेवर!"

सोमवारी मटार दिला. तासाभराने तुरागाच्या मागे एक लांबच लांब दोरा दिसला आणि तो सरळ होऊन पोहायला लागला. मी आनंदाने ओरडलो, "झाली! तुरागाला झाली!" सारी गल्ली रडली. कोणीतरी ढोल वाजवला.

तुझा, अजून अशक्त,
अपेनिसा

ता.क. सगळे मासे ठणठणीत आहेत. तेवढ्यासाठी तरी मला माफ कर.

ता.क. २. शनिवारी धक्क्यावर तुझ्या स्वागताला प्रमुख, पाद्री आणि दोन डुकरं आहेत. बोटीतून सावकाश उतर. वहिनींच्या खांद्यावर हात ठेव. काय झालं होतं असं कुणी विचारलंच, तर नुसता आकाशाकडे बघ. बघणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, हे मी नीट तपासून पाहिलं आहे.

ता.क. ३. आत्ताच तुझ्या मुलीने पाठवलेला फोटो फोनवर पाहिला. तीन आठवड्यांत तू केवढा सुटलायस, माकडा! तीस बायका तुझ्यासाठी तीन दिवस उपाशी राहिल्या आहेत. पाया पडतो, हे पत्र मिळाल्यापासून शनिवारपर्यंत काहीही खाऊ नकोस.