पाखरांपायी राहिलेला विषय

वेस्ट विंडसर, रविवार

ती. अक्कास,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा आणि भाऊजींचा खोकला भैरोबाच्या कृपेने ताळ्यावर असतील. आम्ही सुखरूप. सावनीने अनीशला पसंत केल्याचं फोनवर सांगितलंच होतं. त्याच्या वडिलांकडे, गुरुनाथरावांकडे, लग्नाचा विषय काढायचं काम माझं. त्यांनी आपणहून बोलावलं, पण पक्षी बघायला. (पुढे त्या पक्ष्यांचं काही करायचं नसतं, नुसतं बघायचं.) मुलीची आई ना ती, अहिल्या म्हणाली, "विषय काढल्याशिवाय घरी यायचं नाही."

काल अंधारातच देवपूजा उरकून निघालो. गाडीत बोलावं म्हटलं, तर गुरुनाथरावांनी पक्ष्यांचे आवाज लावले आणि प्रत्येक आवाजानंतर माझी परीक्षा घेतली. मी सगळ्यांना चिमणी म्हणत गेलो. एकदा बरोबर आलं.

आधी माळ लागला. पांढरी वाळू, खुरटे पाइन, कमरेएवढी झुडपं. दुर्बिणी लावलेल्या दोन अमेरिकन बायका तिथे भेटल्या. मी म्हटलं, "गुरुनाथराव, मुलांचं म्हणाल तर..." "श्श्!" एक करडी चिमणी होती. थोड्या वेळाने म्हटलं, "आमची सावनी..." "श्श्!" तीच चिमणी, पाठमोरी.

मग त्या बायकांसोबतच दलदलीकडे गेलो. तिथल्या लव्हाळ्यात बिटर्न नावाचा बगळ्याचा तपकिरी भाऊबंद राहतो. चोच आभाळाकडे करून इतका निश्चल उभा राहतो, की दिसतच नाही. (मी जपाला बसलो की दोन माळांत चुळबुळ सुरू होते.) गुरुनाथरावांना तो आजवर दिसला नव्हता. सगळे श्वास रोखून उभे. तेवढ्यात काळ्या पाखरांचा भलामोठा थवा आला आणि शेजारच्या नुकत्याच पेरलेल्या शेतात उतरला. अक्का, माझा इलाज चालला नाही. लहानपणी ज्वारीत माळ्यावर बसून आपण पाखरंच हाकली ना! मी टाळ्या पिटत ओरडलो, "हाऽऽ हाऽऽ हुर्रर्र!" ढेकूळही उचललं होतं, ते तेवढं खाली ठेवलं.

थवा उठला. बदकं उठली. एका बाईच्या हातून थर्मास पडला. आणि आमच्या अगदी पुढ्यातल्या लव्हाळ्यातून तो बिटर्न उठला आणि झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यासारखा कुरकुरत आमच्या डोक्यावरून गेला. मी चपला घालून गाभाऱ्यात शिरलो असल्यासारख्या त्या बायका माझ्याकडे बघत होत्या. सोयरीक जुळायच्या आधीच मोडली, असं मला वाटलं. गुरुनाथरावांनी दुर्बीण खाली केली. मग माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "मनोहरराव, असं करायचं नसतं हो. पुन्हा करू नका." डोळे भरले होते. "पण दिसला!"

परतताना सगळा रस्ता बिटर्न. काय खातो, थंडीत कुठे जातो. नर मादीला कशी साद घालतो इथवर आले, तिथून सावनीकडे वळता आलं असतं, पण घर आलं.

तुझा,
मनोहर

ता. क. – "निम्मा विषय निघाला," असं मी अहिल्येला सांगितलंय. उरलेला फोन करून तू काढ. तू मोठी, तुला शोभेलही. फक्त त्यांच्या पहाटे करू नकोस, तेव्हा ते नुसते कुजबुजतात.

ता. क. २ – आत्ताच सावनी म्हणाली, "बाबा, रिलॅक्स! डिसेंबरचा हॉल बुक झालाय. अनीशचे बाबा स्वतः बघून आले. तुम्ही विषय काढेपर्यंत बोलायचं नाही म्हणाले, सो वी आर वेटिंग." तरी अक्का, तू फोन करच. विषय मुलीच्या बाजूनेच निघायला हवा.