पालकाची खुर्ची

चि. तुषार,

चिंगीसोबत येणाऱ्याला शूटिंगच्या जागी खुर्ची मिळेल, असं तू म्हणाला होतास. मिळाली नाही, याची गंभीर नोंद घ्यावी. भुशीजवळच्या त्या बंगल्यावर एकच खुर्ची होती आणि तिच्यावर जाहिरातीतला कुत्रा बसला होता.

त्याला सांभाळायला दोन माणसं. तुझ्या सहा वर्षांच्या लेकीला एक आत्या, तीही उभी. बाप सकाळपासून उर्से टोलनाक्यावर अडकलेला. तो नाका बांधायलाही एवढा वेळ लागला नसेल.

जाहिरात रेनकोटची, महिना जानेवारीचा, पाऊस टँकरचा. कुत्रा तीनदा भिजल्यावर त्याला सांभाळणारा गेणू आडवा आला. "बास. आजारी पडंल त्यो. तीनदाच, असं आमी आधीच लिहून घेतलंय." मग मला हळूच म्हणाला, "ताई, लेकराचं तुमी काय लिहून घेतलंय?"

तुझ्या सहीचा कागद माझ्या पर्समध्ये होता. 'आवश्यक तितक्या वेळा.' खाली तुझं झोकदार नाव.

त्यानंतरही चार वेळा चिंगीला भिजवलं आणि मी नुसती बघत राहिले. चिंगीचे ओठ निळे पडले तरी ती हसत होती. पप्पांनी सांगितलंय म्हणे. मग मी पाण्याखाली शिरून तिला उचलून आणलं. काम मोडलं. मी मोडलं, असं खुशाल सांग सगळ्यांना.

हे पत्र पाठवणार नाही. न वाचता सही करणाऱ्याला कशाला?

गेणूने कुत्र्याचा कोरडा टॉवेल चिंगीला गुंडाळला होता. तो आज धुऊन, इस्त्री करून त्याच्या घरी देऊन आले.

तुझी ताई