पडल्या पडल्या सायकल

८ जून
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.
तुझ्या हृदयाच्या तपासणीशी ताडून पाहायला निरोगी सख्खं भावंड हवं, असं डॉक्टर म्हणाले आणि आईने मला न विचारता होकार देऊन टाकला. लहानपणी तुझं ऑपरेशन झालं तेव्हापासून तिचा जीव तुझ्यातच. मला शाळेत शिकवायला तिसऱ्या मजल्यावरच्या वर्गात जाताना धाप लागते, असं तिला फोनवर सांगितलं, तर म्हणते, धाकटीला जे होतं ते तुलाही व्हायलाच हवं का. माझा ईसीजी स्वच्छ आला, म्हणजे तोंडच बंद. येते मी. मनापासून येत नाही, हे तुला कळलेलं बरं.
लोभ आहे तेवढा ठेव.
तुझी ताई

२१ जून
ती. ताईस,
सा. न. वि. वि.
डॉक्टरांनी तुला तपासणीचा निकाल फोनवर घाईत सांगितला, म्हणून नीट लिहून आईबरोबरच देते.
त्या एमआरआयच्या नळकांड्यात पाठीवर पडून, पाय पॅडलला बांधून सायकल मारायची आणि सांगतील तेव्हा श्वास धरायचा, यात माझी भंबेरी उडाली. तरी मी शेवटपर्यंत मारली. तू मध्येच थांबलीस तेव्हा आई बाहेर म्हणाली, हिच्यात पहिल्यापासून दम नाही. खरं सांगते, मी सुखावले.
माझं हृदय ठणठणीत निघालं. तुझं स्वस्थ पडल्यावर नीट चालतं, पण पाय फिरू लागले की एका बाजूची भिंत ढिली पडते. तिथे रक्त कमी पोचतंय. ऐकून आई लगेच तुझ्याकडे यायला बॅग भरायला लागली. माझा रिपोर्ट काय आला, हे तिने अजून विचारलेलं नाही. आजारी तू, आणि जळते मी. कुणाला सांगू?
जिने चढू नकोस. राग धरलास तरी पत्र लिही.
तुझी धाकटी

९ जुलै
चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.
स्टेंट बसवला, काल घरी आले. तुझा रिपोर्ट चांगला आल्याचं मी आईला सांगितलं. ती रडली, आणि मग दिवसभर तुझ्याबद्दलच बोलत राहिली. छातीतलं दुखणं गेलं, पण पोटात दुखायचं काही थांबत नाही बघ.
म्हणून सरळच लिहिते. सोबतीला कुणीतरी आठवडाभर असलं की पुरे, असं डॉक्टर म्हणाले. मी आईला महिना सांगितलाय. तू तिला खरं सांगू नकोस.
माया पातळ करू नकोस.
तुझी ताई