माझीच कात्री चुकली

तीर्थरूप बाबा, शिलाई मशीन जरा थांबवा आणि पाय पुढे करा. इथूनच वाकून नमस्कार करतोय.

कालचा कार्यक्रम तुम्ही पाहायला हवा होता! वीस हजार माणसं तुमच्या पोराचं गाणं तोंडपाठ म्हणत होती. मी नुसती गिटार धरून उभा. छाती इतकी फुगली, की तुम्ही शिवलेल्या जाकिटाचं वरचं बटण तुटलं. मीच लावलं, काळजी नको.

आईचा गुडघा कसा आहे? मी वेळेवर जेवतो म्हणावं. झोप तेवढी कमी आहे. रेकॉर्ड कंपनीला दर वेळी आधीच्यापेक्षा गाजणारं गाणं हवं असतं, त्यामुळे हल्ली मी सगळ्यांवर खेकसतो.

आमच्या बँडच्या मदतनिसांपैकी एक, ज्यांना सगळे दादा म्हणतात, ते अकरा वर्षं माझ्या गिटारी सुरात लावतात. काल गिटार बेसूर वाजली आणि मी माइकवरूनच ओरडलो, "दादा, कान फुटले का तुमचे?" लोक खो खो हसले. दादांनी मान खाली घालून दुसरी गिटार आणून दिली. नंतर आठवलं, स्टेजवर जाताना त्यांच्यावर विश्वास न ठेवता खुंट्या मीच पिळल्या होत्या.

कापड बेतताना चुकलं, की तुम्ही गिऱ्हाइकाला नवं कापड द्यायचात आणि तो बिघडलेला शर्ट स्वतः घालून दुकानात बसायचात. कुणी विचारलं, तर म्हणायचात, "माझीच कात्री चुकली." तेव्हा मला त्या शर्टांची लाज वाटायची. आता अभिमान वाटतो.

आज पुन्हा तेवढीच माणसं येतील. गाण्याआधी दादांना शेजारी उभं करून त्याच माइकवर सांगणार आहे, की काल माझीच कात्री चुकली.

तुमचा,
थोरला