बावन्न नंबरची मुलगी

सोडस, न्यूयॉर्क
९ जुलै

प्रिय ग्रेटा,

स. न. वि. वि. यातला नमस्कार माझा, विनंती आईची, आणि विशेष हे की तू गेल्यापासून आपल्या घरातली बाथरूम सदा मोकळी असते.

आईची विनंती अशी की पोटभर जेव आणि पाण्याला भिऊ नकोस. सगळा जन्म तळ्याकाठी काढलेल्या मुलीला नौदलाच्या छावणीत पोहायची धास्ती वाटावी, हे तिला अजून पचत नाही. शाळेला सुट्टी असल्यामुळे तिची बस अंगणात उभी आहे आणि ती रस्त्याकडेला चेरीची टपरी लावून बसते. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला चेरीबरोबर तुझी कहाणीही मिळते.

आता माझं. मंगळवारी आम्ही मेरीलँडच्या शोकेसला निघतोय. एकेका मैदानाच्या कडेला कॉलेजांचे कोच खेळाडू हेरायला घडीच्या खुर्च्या टाकून बसणार, हातात आमच्या नंबरांची यादी, आणि आम्ही आपल्या जाळीच्या काठ्या घेऊन लॅक्रॉस खेळणार. अकरावीचा सप्टेंबर उजाडेपर्यंत त्यांनी आमच्याशी अवाक्षर बोलायचं नाही, असा नियम. आपण कितीही ईमेल लिहा, त्यांची तोंडं एक सप्टेंबरपर्यंत शिवलेली.

खरं सांगू? भीती वाटते. तू गोलवर गोल करायचीस, तरी तुला कुठल्या कॉलेजाने बोलावलं नाही. मी तर बचावाला उभी राहणारी. गोल करणाऱ्याला सगळे बघतात. अडवणाऱ्याकडे लोकांचं लक्ष कधी जातं, तर ती चुकली की.

पत्र लिही. फोन काढून घेतलाय म्हणून सबबी सांगू नकोस, हात काढून घेतलेले नाहीत.

तुझी लाडकी (दुसरी कुणी आहे का?),
नेल

ग्रेट लेक्स, इलिनॉय
१३ जुलै, रविवार

चि. नेल,

अ. उ. आ. तीन वर्षांनी मोठी असल्याचा एवढा तरी फायदा घेऊ दे.

हे पत्र पोहोचेल तेव्हा तुझा खेळ होऊन गेलेला असेल. म्हणजे माझा सल्ला अगदी सुरक्षित, कुणालाच तो पाळता येणार नाही. तरी ऐक. गोल झाला की मान खाली घालायची नाही. आणि मला कुणी बोलावलं नाही त्याचं कारण माझा खेळ नव्हता गं. मला बघायला कुणी आलंच नव्हतं. आपल्या शाळेच्या मैदानावर आईच्या बसशिवाय आणि बदकांशिवाय कोण असायचं? मी कधी शोकेसला गेले नाही, तू जाते आहेस. हा फरक लहान नाही.

इथे सगळ्या कपड्यांवर आपापलं नाव छापावं लागतं. परवा एका मुलीने घाईत शेजारणीचे मोजे चढवले, तर अख्ख्या तुकडीला जमिनीवर दंड काढावे लागले. माझे हात आता तुझ्या मांडीएवढे झालेत.

पाण्याचं विचारू नकोस. उंच कठड्यावरून उडी मारायची असते. मी वर चढले, खाली बघितलं आणि शिडीनेच परत आले. प्रशिक्षक बाई म्हणाल्या की नौदलात शिडीने समुद्रात उतरायची सोय अजून झालेली नाही. आईला सांगू नकोस.

लोभ असू दे. नसला तरी पत्र असू दे.

तुझी,
ग्रेटा

सोडस
१९ जुलै

ग्रेटा, ग्रेटा, ग्रेटा!

आज नमस्कारबिमस्कार काही नाही, थेट बातमी. मी खेळले! असं खेळले की आई गाडीत बसल्यावरही टाळ्या वाजवत होती आणि मला तिला सांगावं लागलं की स्टिअरिंगवर हात ठेव.

पहिल्यापासून सांगते. ऊन असं की गवतातून वाफ येत होती. कोचांची गंमत तर विचारूच नकोस. लिंबू सरबताच्या रांगेत माझ्या पुढेच एक उभा होता. मी गुड मॉर्निंग म्हटलं, तर तो आभाळाकडे बघायला लागला. आभाळात काही नव्हतं.

आमचा संघ म्हणजे चार गावच्या अनोळखी मुली. संयोजकांनी नंबरांचे शर्ट वाटले. माझा अडतीस नंबरचा, तो माझ्या गुडघ्यापर्यंत आला. शेजारी बचावालाच उभी राहणारी एक उंच मुलगी होती, ऑड्रा यॉडर. पेनसिल्व्हेनियाची, घरी गाई आहेत म्हणाली. तिचा बावन्न नंबरचा शर्ट तिला काखेत काचत होता. मग आम्ही झटकन अदलाबदल केली आणि मैदानात पळालो.

समोर कनेटिकटची एक मुलगी होती, वेणीला लाल फीत. सगळ्या खुर्च्या तिच्यासाठीच मांडलेल्या. पहिल्याच मिनिटाला ती गर्रकन वळून माझ्या बाजूने निसटली आणि गोल! मला वाटलं संपलं. पण मग मी तिच्या काठीकडे बघणं सोडलं आणि तिच्या कमरेकडे बघायला लागले. काठी फसवते गं, कंबर फसवत नाही. पुढच्या वेळी मी तिच्या आधी तिथे होते. त्याच्या पुढच्या वेळी तिच्या काठीच्या जाळीतला चेंडू खाली पाडला, उचलला आणि अर्धं मैदान पळत नेला. असं एकदा नाही, किती वेळा झालं! आणि मग हिरवी टोपी घातलेल्या एका कोच बाई उठल्या, खुर्ची उचलली आणि आमच्या टोकाला आणून मांडली. आमच्या, ग्रेटा! गोल अडवणाऱ्यांच्या टोकाला! बसल्या आणि लिहायला लागल्या.

व्हरमाँटच्या डोंगरातल्या कॉलेजच्या आहेत, आईने त्यांच्या शर्टावर वाचलं. आता एक सप्टेंबर कधी येतो असं झालंय.

तुझं पत्र काल मिळालं. मान खाली घातली नव्हती, शपथ.

आनंदाने वेडी झालेली,
नेल

ग्रेट लेक्स
२७ जुलै

नेल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. दोनदा नाचले. तिसऱ्यांदा वाचताना मटकन खाली बसले.

अगं बावळट! खेळताना तुझ्या अंगावर शर्ट कुणाचा होता? कोचांच्या हातातल्या यादीत बावन्नपुढे नाव कुणाचं आहे? त्या हिरव्या टोपीवाल्या बाईंनी पानभर लिहिलं असेल ते नेल ऑस्ट्रँडरबद्दल नाही, गाईवाल्या मुलीबद्दल लिहिलंय!

इथे मोज्यांवरून दंड काढले म्हणून मला लगेच दिसलं. तुला तिथे आठ दिवसांत नाही दिसलं? आईला? आईला निदान बसमधली पोरं मोजता येतात ना!

मला इथून काही करता येत नाही, याने जीव जळतो. तू आजच त्या सगळ्या कोचांना लिही. पण आधी त्या मुलीला शोध. तुझ्या एकटीच्या पत्रावर कोण विश्वास ठेवील? छान खेळलेली ती मी होते, असं तर कुणीही म्हणेल.

रागावले आहे, पण तुझ्यावर नाही. थोडी तुझ्यावरही.

ग्रेटा

सोडस
१ ऑगस्ट

प्रिय ग्रेटा,

स. न. वि. वि. आज सगळीच विनंती.

तुझं पत्र टपरीवर उघडलं. वाचता वाचता माझे कान तापले. आईला दिलं, तर तिने वाचून चेरीची अख्खी टोपली एका गिऱ्हाइकाला तशीच देऊन टाकली आणि मला गाडीत बस म्हणाली. कुठे जायचं ते तिलाही माहीत नव्हतं.

आता ऐक, याहून वाईट. शोकेसवाल्यांनी उत्तम खेळलेल्या मुलींची नावं जाहीर केलीत. मी चार दिवस त्यात माझं नाव शोधत होते. बचावात पहिलं नाव ऑड्रा यॉडर, नंबर बावन्न, वाऱ्यासारखी चपळ. मला वाटलं, खेळली असेल छान, आपलंच लक्ष नसेल! एवढी मी हुशार.

आईने संयोजकांना फोन लावला. तिकडची बाई गोड आवाजात म्हणाली की दुसऱ्या मुलीचा पत्ता द्यायचा नियम नाही, पण तुम्ही पत्र पाठवलंत तर आम्ही पुढे धाडू. म्हणून लिहिलं. काय लिहू कळेना. तुझं कौतुक झालंय ते माझं आहे, परत दे, असं कसं लिहायचं गं? ती काही चोर नाही. शर्ट आम्ही दोघींनी हसत हसत बदलले होते.

कोचांनाही ईमेल केलं. त्यांनी उत्तर द्यायचं नाही, त्यामुळे विश्वास ठेवला की हसून सोडून दिलं, एक सप्टेंबरपर्यंत कळणार नाही. ऑड्राने उत्तर दिलं नाही तर मी खोटी ठरणार.

तू कठड्यावर परत चढलीस का?

तुझी,
नेल

लँकेस्टर काउंटी, पेनसिल्व्हेनिया
१० ऑगस्ट

नेल ऑस्ट्रँडर हिला,

नमस्कार. तू मला एकदाच भेटलीस, म्हणून प्रिय लिहावं की नाही कळत नाही. पत्राच्या शेवटापर्यंत ठरवते.

तुझं पत्र आलं तेव्हा त्या यादीचा कागद आमच्या दुधाच्या टाकीवर चिकटवलेला होता. बाबांनी चिकटवला होता. दूध न्यायला येणाऱ्या टँकरवाल्याला, पशुवैद्याला, चर्चमधल्या सगळ्यांना तो दाखवून झाला होता. मलाही वाटलं होतं की मी खरंच चांगली खेळले असेन. माझ्या हातून त्या दिवशी कुणाचा चेंडू पडला नव्हता, हे मला ठाऊक होतं. पण कुणी चांगलं म्हटलं की आपण हिशेब विचारत नाही.

दोन दिवस तुझं पत्र मी खिशातच ठेवलं. तुझा राग आला. मग गाईंचा आला, त्यांनी काही केलं नव्हतं तरी. शेवटी धार काढताना बाबांना सांगितलं. त्यांनी त्या गाईची धार पुरी केली. मग म्हणाले की शेजाऱ्याचं दूध आपल्या टाकीत आलं तर ते परत द्यायचं, त्यात लाज कसली. त्यांच्या सगळ्या उपमा दुधाच्याच असतात. पण कागद त्यांनी स्वतः काढला आणि मागे वळले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, ते मी पाहिलं.

आमच्या सामन्याला आलेल्या सगळ्या कॉलेजांना मी लिहिलंय की बावन्न नंबरचा शर्ट घालून खेळली ती नेल, मी अडतीस. सोबत बाबांनी काढलेला सामन्याचा व्हिडिओ जोडलाय, त्यात चेहरे दिसतात. एक सांगून ठेवते, बाबांनी कॅमेरा सगळा वेळ माझ्यावरच धरलाय. तू मधूनमधून चेंडू घेऊन आत येतेस आणि निघून जातेस. पण ओळखू येतेस.

उपकार मानू नकोस. तुझं होतं ते तुला दिलं. मला मात्र माझं काहीतरी मिळायला हवं होतं, असं वाटत राहतं.

प्रिय लिहायला हरकत नव्हती, असं आता वाटतं.

ऑड्रा

ग्रेट लेक्स
१७ ऑगस्ट

चि. नेल,

आशीर्वाद, आणि या वेळी ओले.

मारली उडी! प्रशिक्षक बाई मागे उभ्या राहून म्हणाल्या की ऑस्ट्रँडर, जेवणाची वेळ होत आलीये. भुकेपुढे भीती काय टिकते! नाकात पाणी गेलं, पण तरंगले, पोहले, काठाला लागले. बारा सप्टेंबरला आमचं प्रशिक्षण संपल्याचं संचलन. तुम्ही दोघी याच.

ऑड्राच्या पत्राची तू पाठवलेली नक्कल वाचली. मी त्या मुलीबद्दल मनात जे जे म्हटलं होतं ते सगळं परत घेते. तिला हे कळवायची गरज नाही.

आता धीर धर. बघितली गेली आहेस, एवढं तरी झालं.

तुझी,
ग्रेटा

सोडस
१ सप्टेंबर

प्रिय ग्रेटा,

स. न. वि. वि. घाईघाईने लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

सकाळी न्याहारीला आईने फोन टेबलाच्या मधोमध ठेवला, पॅनकेकच्या ताटलीशेजारी, आणि म्हणाली की त्याच्याकडे बघू नकोस, बघितलं की वाजत नाही. मग दोघी त्याच्याकडेच बघत बसलो. पॅनकेक थंडगार. आणि वाजला!

हिरव्या टोपीवाल्या बाई, ग्रेटा! आवाज घोगरा, दर दोन वाक्यांना हसतात. आधी म्हणाल्या की त्या दिवशी सरबताच्या रांगेत त्यांनीही आभाळाकडे बघितलं होतं, त्याबद्दल माफी. मग म्हणाल्या की माझं ईमेल वाचून त्यांना वाटलं होतं की पोरगी थापा मारते. मग ऑड्राचं पत्र आलं. मग मला शोधायला त्यांनी तो व्हिडिओ लावला, आणि त्यात मी सापडले, पण त्याआधी त्यांना दुसरंच काही दिसलं. मी चेंडू हिसकायला पुढे धावले की दर वेळी माझ्या मागे मोठं भगदाड पडायचं, आणि दर वेळी ती उंच मुलगी न बोलता तिथे येऊन उभी राहायची. एकदाही चुकली नाही. मैदानाच्या कडेला त्यांच्यासकट कुणालाच ते दिसलं नव्हतं. तिच्या बाबांनी कॅमेरा तिच्यावरून हलवला नाही, म्हणून दिसलं.

मला वाटत होतं मी एकटीच खेळले. मागे कुणी नसतं तर मी एवढी बिनधास्त पुढे धावले असते का गं?

मला कॉलेज बघायला बोलावलंय. आणि ऑड्रालाही! त्यांचा फोन ठेवते न ठेवते तोच ऑड्राचा आला. ती गोठ्यात होती, हात ओले, त्यामुळे कोचांचा फोन बाबांनी घेतला आणि मुलगी येईपर्यंत त्यांना कुठली गाय किती दूध देते ते सांगितलं. आम्ही दोघी एकाच वेळी ओरडत होतो. मागून गाई.

एक गोष्ट राहिली. कोच बाईंनी भेटीला तारीख दिली ती बारा सप्टेंबरची. माझ्या तोंडून आपसूकच निघालं की त्या दिवशी जमणार नाही, माझ्या बहिणीचं संचलन आहे. आईने कपाळाला हात लावला. पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग त्या म्हणाल्या की मग त्याच्या पुढच्या आठवड्यात या, डोंगर कुठे जात नाहीत.

तेव्हा आम्ही येतोय. आईने संचलनासाठी नवी टोपी घेतलीये, ती दुरूनही दिसेल, पण तू बघू नकोस. मान सरळ, नजर समोर. बघायचं काम आमचं.

लोभ आहे तो तसाच राहो, भेटीत आणखी मागून घेईन.

तुझी,
नेल