भाऊजींच्या नावाची पाकिटं

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भाऊजींच्या माघारी तू आम्हाला दिलेली गाडी परवा हिने हॉस्पिटलच्या उतारावर भिंतीला घातली. घाबरू नकोस, मनगट मोडलंय, बाकी ठीक आहे. हिचं म्हणणं, खड्ड्यात आदळल्याबरोबर इंजिन आपोआप बंद पडलं, स्टीअरिंग जड झालं, ब्रेक दगडासारखा झाला. गॅरेजवाल्याने दोनदा तपासलं, त्याला काही सापडलं नाही. वॉर्डात सलग दोन पाळ्या करून निघाली होती, डुलकी लागली असणार. मी तसं म्हटलं, तर ही उठून आतल्या खोलीत गेली.

किल्ली मी माझ्याकडे ठेवली. बरी झाली की दोन बस बदलून जाईल. गाडी अजून भाऊजींच्याच नावावर आहे, ते काम करायचंय, पण कुठल्या कचेरीची पायरी चढायचं त्राण उरलेलं नाही.

आहे ती माया आटू देऊ नकोस.
तुझा धाकटा

११ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

खोलीला रंग द्यायचा म्हणून काल ह्यांचं टेबल रिकामं केलं. ह्यांच्या नावाने येणारं टपाल मी तीन वर्षं न उघडता खालच्या खणात टाकत आले. नाव वाचलं की पाकीट फोडायला हात धजत नसे. त्यात गाडीच्या कंपनीची चार पाकिटं निघाली. सोबत पाठवते आहे.

चारहींत एकच मजकूर. त्या मॉडेलच्या जुन्या गाड्यांत किल्लीमागचा स्विच सैल पडतो. धक्का बसला तर चालत्या गाडीचं इंजिन बंद होतं, स्टीअरिंग आणि ब्रेक जड होतात. गाडी घेऊन या, फुकट बदलून देऊ. पहिलं पत्र अपघाताच्या दीड वर्ष आधीचं आहे.

फोन हातात घेतला होता, पण तसाच खाली ठेवला. तू हे तिला स्वतः वाचून दाखव. माझी चूक झाकू नकोस.

रागावलास तरी लिहीत राहा.
ताई

२० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

वाचून दाखवलं. ही युनिफॉर्मला इस्त्री करत होती. स्विचचं वाक्य पुन्हा वाचायला लावलं, मग इस्त्री बंद करून विचारलं की आता तरी पटलं का. मी चुकलो म्हणालो. तिने मान हलवली आणि कपड्यांच्या घड्या घातल्या.

कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पाऊण तासात काम झालं. काउंटरवरचा म्हातारा म्हणाला, बरेच लोक कुठेतरी आदळल्यावरच येतात. घरी येऊन किल्ली हिच्यापुढे ठेवली. ती तिथेच ठेवून ही बस गाठायला गेली. चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. तूच तिला लिही.

तुझा आधार वाटतो, तो राहू दे.
तुझा धाकटा

२ डिसेंबर

ती. वन्संना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. इतकी क्षमा मागू नका. गेलेल्या माणसाचं टपाल उघडणं किती जड जातं, ते मी वॉर्डाबाहेर बसलेल्या बायकांकडे पाहून जाणते. तुमच्यावर राग नाही.

ह्यांच्यावर आहे. मी सांगितलं ते पटलं नाही, छापील कागदाने सांगितलं ते पटलं. त्याहून वाईट म्हणजे हळूहळू मलाही वाटू लागलं की खरंच डोळा लागला असेल. कामावर परतल्यापासून इंजेक्शन भरलं की शेजारच्या नर्सला माप बघायला सांगायचे. वीस वर्षांच्या नोकरीनंतर. ती बिचारी काही न विचारता बघायची. गेल्या सोमवारी तिला हाक मारली नाही. माप दोनदा पाहिलं, माझं मीच, आणि इंजेक्शन दिलं.

रविवारी तुमच्याकडे येतोय. गाडी मी चालवणार. हे शेजारी बसतील. वाटेत हळू, जपून, समोर बघ, यातलं काहीही म्हणायचं नाही, असं कबूल करून घेतलंय. जमतं का बघू.

तुमचा हात पाठीवर असू द्या.
तुमची भावजय